पोचलेल्या जहाजांची नोंद

ॲम्फोरा जमिनीवर उभा राहत नाही. रोमन लोकांनी शेकडो वर्षं ज्या मातीच्या भांड्यातून वाइन, ऑलिव्हचं तेल आणि माशांचा आंबवलेला रस समुद्रापार पाठवला, त्या भांड्याला सपाट बूडच नाही. अरुंद मान, मानेपासून खांद्यापर्यंत उतरलेले दोन कान, खाली निमुळतं होत गेलेलं पोट आणि शेवटी एक टोक. घरात ठेवायचा तर भिंतीला टेकवा, वाळूत रोवा, नाहीतर तिवईत बसवा. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे डिझाइन कोणी पास केलं असा प्रश्न पडतो. आपला माठसुद्धा डुगडुगतो, पण खाली चुंबळ ठेवली की निदान बसतो.

उत्तर असं की हे भांडं घरासाठी बनलेलंच नव्हतं. ते जहाजाच्या पोटासाठी बनलं होतं. ॲम्फोरा एकमेकांना खेटून लावले की त्यांच्या खांद्यांमध्ये फटी राहतात. वरच्या थरातली टोकं बरोबर त्या फटींत जाऊन बसतात. त्यावर आणखी एक थर. जहाज हेलकावे खातं तेव्हा सगळे मिळून एकमेकांना धरून ठेवतात. टोक भरीव असतं, त्यामुळे उचलताना आणि ओतताना तोच तिसरा कान होतो. एकटा ॲम्फोरा निरुपयोगी दिसतो. सहा हजार एकत्र बघितले की सगळं समजतं.

सहा हजार एकत्र बघायला मिळतात ते मात्र फक्त समुद्राच्या तळाशी.

माझा यांच्याशी संबंध आला तो नोकरीमुळे. मी पुण्यातल्या एका कंपनीत कंटेनर ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. कुठला कंटेनर कुठल्या बंदरात आहे, कुठल्या जहाजावर चढला, कधी उतरला, एवढंच. २०२३ साली क्लायंटच्या कामासाठी पाच महिने फ्रान्समध्ये मार्सेलला होते. तिथलं शहराच्या इतिहासाचं संग्रहालय एका शॉपिंग सेंटरला चिकटून आहे, कारण १९६७मध्ये त्या जागेवर खोदकाम सुरू झालं तेव्हा खाली प्राचीन बंदर सापडलं. पुढे १९७४मध्ये एक अख्खं रोमन जहाजही सापडलं. शनिवारी किराणा आणायला जायचं आणि परतताना पिशव्या लॉकरमध्ये टाकून दोन हजार वर्षांपूर्वीची बरणी बघायची, अशी मला सवय लागली. कपड्यांच्या सेलपेक्षा हे स्वस्त पडत होतं.

पहिल्या शनिवारी मी फोटो काढले. दुसऱ्या शनिवारी पाट्या वाचल्या. तिसऱ्या शनिवारी एक गोष्ट लक्षात आली. इथे ठेवलेल्या धड, न फुटलेल्या ॲम्फोरांपैकी बहुतेक बुडालेल्या जहाजांतले होते. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी ते भरले होते, त्याला ते कधीच मिळाले नाहीत.

* * *

त्यातलं सगळ्यात नीट अभ्यासलेलं जहाज मार्सेलच्या पूर्वेला, तुलाँजवळच्या मद्राग द जियाँ इथलं. १९६७मध्ये फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांना ते दिसलं आणि १९७२ ते १९८२ अशी दहा वर्षं आंद्रे चेर्निया आणि पात्रिस पोमे यांच्या तुकडीने ते उकरलं. पाण्याची खोली सुमारे वीस मीटर. जहाज जवळजवळ ४० मीटर लांब, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं. आत सहा ते आठ हजार ॲम्फोरा, तीन थरांत, मधल्या फटींत झुडपांच्या फांद्या आणि गवत कोंबलेलं. एक ॲम्फोरा रिकामाच पंचवीस किलोच्या आसपास, भरला की पन्नास. आत साधारण पंचवीस लिटर इटालियन वाइन. आतून पाइनच्या झाडाचा डांबरासारखा राळ फासलेला, तोंडाला बूच आणि बुचावर चुन्याचा लेप. बऱ्याच ॲम्फोरांवर पब्लियस वेवेयस पापुस या मालकाचा शिक्का आहे. त्याची भट्टी रोमच्या दक्षिणेला, तेराचिना गावाजवळ होती.

हा शिक्का मी काचेला नाक लावून बघितला असता, पण मला जास्त अडकवलं ते दगडांनी.

उत्खननात तिथे मोठमोठे दगड सापडले. ते जहाजाच्या निरमातले नव्हते आणि त्या किनाऱ्यावरचेही नव्हते. चेर्नियांनी लावलेला अर्थ असा: जहाज बुडाल्यावर लगेच कोणीतरी माल काढायला आलं होतं. रोमन काळात असे पाणबुडे असत, त्यांना उरिनातोर म्हणत. रोमजवळच्या टायबर नदीवर कोळ्यांचा आणि पाणबुड्यांचा मिळून एक संघही होता, त्याचा शिलालेख मिळाला आहे. हे लोक जड दगड छातीशी धरून श्वास रोखून खाली जात, दगड तळाशी सोडून देत आणि ॲम्फोरा दोरीला बांधून वर येत. वीस मीटर. सहा-सात मजली इमारतीएवढं पाणी डोक्यावर. मालाचा काही भाग त्यांनी खरोखरच वर काढला होता, थरांमधल्या रिकाम्या जागांवरून ते कळतं. त्या माणसांचं नाव नाही, गाव नाही, हाडं नाहीत. आपण इथे होतो, एवढं सांगायला प्रत्येक बुडीचा एक दगड तेवढा राहिला.

* * *

मार्सेलच्याच समोर ग्राँ काँग्लुए नावाचं खडकाळ बेट आहे. १९५२मध्ये झाक कुस्तो आपलं कॅलिप्सो जहाज घेऊन तिथे आले. पाण्याखाली श्वास घेण्याचं उपकरण तेव्हा नवं होतं आणि समुद्राच्या तळावर एवढं मोठं उत्खनन याआधी झालं नव्हतं. पुरातत्त्वज्ञ होते फेर्नाँ बनुआ, पण ते स्वतः खाली उतरत नसत. खालून वर येईल त्यावरून ते जहाजावर बसून अंदाज बांधत. एका तरुण पाणबुड्याचा त्या मोहिमेत जीव गेला. १९५७पर्यंत काम चाललं, ॲम्फोरांचे ढीग वर आले, आणि एका जहाजाची गोष्ट लिहिली गेली.

अडचण एवढीच की जहाजं दोन होती. एक इसवी सनापूर्वी २००च्या आसपास बुडालेलं आणि त्याच्याच डोक्यावर साधारण शंभर वर्षांनी बुडालेलं दुसरं. त्याच खडकाने दोघांना खाल्लं. वरच्या जहाजातल्या ॲम्फोरांवर ‘SES’ हा सेस्तियस घराण्याचा शिक्का होता, म्हणजे नागरी लिपीत ‘सेस’. खालच्या जहाजातले ॲम्फोरा वेगळ्या, जुन्या घाटाचे. पण कुठला ॲम्फोरा कुठून काढला याची काटेकोर नोंद नसल्याने दोन्हींचा माल एकत्र झाला आणि अनेक वर्षं अभ्यासक तारखा जुळवत डोकं धरून बसले. १९८०च्या दशकात ल्यूक लाँग यांनी जुने फोटो आणि टिपणं पुन्हा चाळून दोन जहाजं वेगळी केली.

दोन सर्व्हरचे लॉग चुकून एका फाइलमध्ये पडले तर काय होतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. प्रत्येक ओळ खरी असते आणि गोष्ट खोटी होते.

म्हणूनच तळाशी ॲम्फोरापेक्षा ॲम्फोराची जागा मोलाची. पन्नास-साठच्या दशकात फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्यावर हौशी पाणबुड्यांनी किती ॲम्फोरा उचलले आणि दिवाणखान्यात त्यांचे दिवे केले, याला गणती नाही. इटलीत आल्बेंगाला १९५०मध्ये तर जहाजं भंगारात काढणाऱ्या बोटीचा लोखंडी पंजा वापरून सातशेहून अधिक ॲम्फोरा वर ओढले. कितीतरी त्यात फुटले. निनो लाम्बोलिया या पुरातत्त्वज्ञाने त्यातूनच धडा घेतला आणि पुढे पाण्याखाली चौकटी आखून मोजमाप करण्याची पद्धत इटलीत रुजवली. आज अशा जहाजाला शक्यतो आहे तिथेच राहू द्यावं असं २००१चा युनेस्कोचा करार सांगतो. वर काढायचंच, तर काढलेला ॲम्फोरा महिनोन्महिने गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. नाहीतर मातीत मुरलेलं मीठ सुकताना खडे धरतं आणि दोन हजार वर्षं टिकलेला पृष्ठभाग पापुद्र्यांनी गळून पडतो. समुद्रातून बाहेर काढलं म्हणजे वाचवलं, असं होत नाही.

* * *

१९९२मध्ये ए. जे. पार्कर या अभ्यासकाने भूमध्य समुद्रातल्या आणि रोमन प्रांतांतल्या प्राचीन बुडीत जहाजांची एक यादी छापली. जवळजवळ १२०० जहाजं. शतकवार आलेख काढला तर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आणि त्यानंतरच्या शतकाच्या आसपास मोठा उंचवटा दिसतो आणि मग उतार. सरळ अर्थ असा की व्यापार वाढला, कळसाला पोचला आणि घसरला. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हा आलेख या अर्थाने भरपूर वापरला गेला.

मग शंका निघाल्या. ॲम्फोरा भरलेलं जहाज बुडालं की लाकूड किड्यांनी खाल्लं तरी ॲम्फोरांचा ढिगारा तळाशी उठून दिसतो. पण पुढच्या शतकांत वाइन हळूहळू लाकडी पिंपांतून जाऊ लागली. पिंप कुजतं. धान्य, कापड, गुलाम यांची जहाजं बुडाली तर तळाशी दिसायला काहीच उरत नाही. म्हणजे आलेखातला उतार हा काही प्रमाणात जहाजं कमी झाल्याचा नसून भांडं बदलल्याचा आहे. शिवाय आलेखात आहेत ती फक्त बुडालेली जहाजं. जी सुखरूप पोचली ती या यादीत कुठेच नाहीत.

मी हे वाचत होते तेव्हा ऑफिसातल्या लॅपटॉपवर माझाच एक जॉब सुरू होता.

आमच्या सिस्टिममध्ये कंटेनरचा प्रवास म्हणजे नोंदींची माळ असते. गेटमधून आत आला, जहाजावर चढला, उतरला, गिऱ्हाइकाला मिळाला. शेवटची नोंद पडली की स्टेटस ‘डिलिव्हर्ड’. त्यानंतर नव्वद दिवसांनी ती सगळी माळ पुसली जाते. रोज रात्री अडीच वाजता हे काम आपोआप होतं आणि ते सांभाळायची जबाबदारी माझ्याकडे आहे. ज्या कंटेनरच्या बाबतीत काही बिघडलं, म्हणजे माल भिजला, सील तुटलं, कंटेनर भलत्याच बंदरात गेला, त्यांच्या नोंदी मात्र सात वर्षं जपून ठेवतो. कारण दावे होतात, कोर्टकचेऱ्या होतात. धोरण म्हणून यात काही चूक नाही. स्टोरेजला पैसे पडतात.

पण हजार वर्षांनी कोणी आमचा डेटाबेस उकरला तर त्याला वाटेल, या काळातले सगळे कंटेनर भिजत, फुटत आणि हरवतच असत. पोचलं असं काही नव्हतंच.

* * *

पोचलेल्या मालाचं पुढे काय होतं, हे बघायला आपल्याकडेच यावं लागतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत भडोच बंदरात येणाऱ्या मालात वाइनचं नाव आहे: मुख्यतः इटलीची, शिवाय सीरियातल्या लाओडिकेयाची आणि अरबस्तानची. त्यातच ‘कल्लिएना’ येतं, म्हणजे आमचं कल्याण. लेखक लिहितो की तिथला व्यापार आता अडवला जातो आणि चुकून शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेतात.

ही वाइन ज्या ॲम्फोरांतून आली त्यांच्या खापऱ्या नेवाशाला सापडल्या. १९५४ ते १९५६मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी तिथे प्रवरेकाठी उत्खनन केलं होतं. घारापुरीला मिळाल्या. बेट द्वारकेजवळ समुद्राच्या तळाशी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना मिळाल्या. पण सगळे तुकडेच. कान एकीकडे, टोक दुसरीकडे. त्यातही गंमत म्हणजे भारतात रोमन ॲम्फोरा म्हणून नोंदलेल्या बऱ्याच खापऱ्या रोबर्टा टॉम्बर यांनी नव्याने तपासल्या, तर त्या मेसोपोटेमियातल्या, आतून डांबर लावलेल्या बिनकानाच्या लांबट रांजणांच्या निघाल्या. पोचलेल्या भांड्याला कोणी जपून ठेवत नाही. ते रिकामं होतं, पुन्हा भरलं जातं, तडकतं, कुठल्यातरी भरावात जातं. रोमन जगातही तेच. तिथे जुने ॲम्फोरा गटाराच्या पाइपांसाठी लावले, छताच्या कमानीत वजन हलकं करायला कोंबले, आणि तान्ह्या बाळांना पुरायलाही वापरले.

* * *

कल्याणचं नाव आलंच आहे, तर बाबांबद्दल सांगते.

बाबा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. १९८६मध्ये लागले, २००४मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. कल्याण-मशीद बंदर, पाळीप्रमाणे, अठरा वर्षं. मी लहान असताना कोणी विचारलं की वडील काय करतात, तर मी ‘गोदीत आहेत’ म्हणायचे, आणि समोरच्याच्या डोळ्यांसमोर पाठीवर गोणी घेतलेला माणूस यायचा. बाबांना स्वतःला विचारलं तर ते म्हणायचे, “गोण्या मोजायचो.” एवढंच. यापुढे वाक्य जायचं नाही.

त्यांच्या कामाचा शेवट कसा झाला ते मला ॲम्फोरांबद्दल वाचताना नीट कळलं. रोमन लोकांनी एकदा ॲम्फोरांना पर्याय काढला होता. जहाजाच्या मधोमध डोलिया म्हणजे माणसापेक्षा मोठे रांजण कायमचे बसवायचे. एकेकात दोन हजार लिटरच्या आसपास वाइन मावे. थेट रांजणात ओतायची, बंदरात उपसून घ्यायची. आजच्या टँकरसारखं. इटलीतल्या मिंतुर्नाय गावचं पिरानुस घराणं हे रांजण बनवण्यात पुढे होतं. दियानो मरीना, कॉर्सिकाजवळचं जिराल्या, अशा ठिकाणी ही जहाजं बुडालेली सापडली आहेत. काही रांजणांना तडे गेल्यावर शिशाच्या पट्ट्यांनी शिवलेलं दिसतं. जहाज चालू असताना असा एक रांजण फुटला तर काय होत असेल याचा विचार करा. परतीला दुसरा माल भरायलाही जागा नाही. शंभरेक वर्षांत ही पद्धत संपली.

गोदीत मात्र मोठं भांडं जिंकलं. लोखंडी कंटेनर आला. १९८९मध्ये न्हावा शेवा सुरू झालं आणि माल हळूहळू खाडीपलीकडे गेला. कंटेनर आल्यावर आतल्या गोण्या कोणी मोजत नाही. सीलचा नंबर बघायचा, बास. बाबांनी हे कधी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. “मोजायला काही राहिलंच नाही,” असं म्हणाले होते एकदा, आईने वाढलेल्या आमटीकडे बघत. आणि त्यांची मुलगी आता त्याच कंटेनरचा माग ठेवण्याचा पगार घेते. आमच्या घरात यावर कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना दिसतं.

मार्सेलहून मी त्यांना फोनवर विचारलं, “बाबा, तुमच्या त्या टॅली शीटांचं पुढे काय व्हायचं?”

“कसलं काय? वर्ष झालं की गठ्ठे बांधायचे. मग रद्दीत.”

“सगळ्या?”

“ज्यावर भांडण झालं ती फाइलला लागायची. दोन गोण्या कमी, चार फाटलेल्या, असं काही. बाकीच्या कशाला ठेवतील? बरोबर होत्या ना त्या.”

* * *

ॲम्फोरांवर शिक्क्यांशिवाय शाईने लिहिलेलंही असतं. लॅटिन नाव ‘तितुली पिक्ती’, म्हणजे रंगवलेली अक्षरं. समुद्रात ती सहसा धुऊन जातात, पण गाळात झाकलेली काही वाचतात. स्पेनच्या सीमेजवळ पोर्त-वांद्र इथल्या एका जहाजात स्पॅनिश तेलाचे ॲम्फोरा मिळाले, त्यांवर व्यापाऱ्यांची नावं आणि वजनं होती. त्याच जहाजातल्या कथिलाच्या लगडींवर सम्राट क्लॉडियसची बायको मेसालिना हिने मुक्त केलेल्या एका गुलामाचा शिक्का होता, त्यावरून जहाज इ.स. ४२ ते ४८ दरम्यान बुडालं हे ठरवता आलं. अलीकडे, २०१९मध्ये, माजोर्का बेटावर पाल्माच्या समुद्रकिनाऱ्यासमोर जेमतेम दोन मीटर पाण्यात चौथ्या शतकातलं एक जहाज मिळालं. लोक ज्याच्या वरून पोहत होते, त्यातल्या माशांच्या रसाच्या ॲम्फोरांवरची शाई अजून वाचता येते.

या अक्षरांची सगळ्यात मोठी शाळा मात्र जमिनीवर आहे. रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची ३५ मीटर उंच, घेर सुमारे एक किलोमीटर असलेली टेकडी आहे. ती पूर्णपणे फुटक्या ॲम्फोरांची आहे, बहुतेक दक्षिण स्पेनमधल्या तेलाच्या. तेल मातीत मुरतं, खवट होतं, ते भांडं पुन्हा वापरता येत नाही. म्हणून बंदरावर तेल ओतून घेऊन ॲम्फोरा तिथेच फोडायचे, वास मारू नये म्हणून चुना टाकायचा आणि व्यवस्थित रचायचे. पाच कोटींहून जास्त असावेत असा एक अंदाज आहे. पोचलेल्या मालाची एवढी मोठी नोंद रोमन जगात दुसरी नाही, आणि तीही कोणी नोंद म्हणून ठेवली नव्हती. कचरा म्हणून ठेवली होती. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने या टेकडीवर बसून खापऱ्यांवरची अक्षरं वाचली आणि १८९९मध्ये ॲम्फोरांच्या आकारांचा तक्ता छापला. आजही पाण्याखाली सापडलेल्या ॲम्फोराला त्याच्याच क्रमांकाने ओळखतात: ड्रेसेल १, ड्रेसेल २०.

ड्रेसेल २०, म्हणजे तेलाचा तो गोल पोटाचा ॲम्फोरा, त्यावर लिहायची एक ठरलेली पद्धत होती. वर रिकाम्या भांड्याचं वजन. त्याखाली व्यापाऱ्याचं नाव. त्याखाली तेलाचं वजन. आणि बाजूला, कानाजवळ, तिरक्या घाईच्या अक्षरात तपासणीची नोंद: कुठल्या गावात तपासलं, वजन पुन्हा एकदा, कोणाकोणाची नावं, आणि त्या वर्षीच्या रोममधल्या कॉन्सलांची नावं, म्हणजे तारीख. भांडं तीस किलोच्या आसपास, तेल सत्तर किलोच्या.

अशा एका खापरीच्या रेखाटनाचा फोटो मी बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. शेजारी प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत लिहिला. दोन निळ्या खुणा आल्या आणि बराच वेळ काही नाही. मला वाटलं, नेहमीप्रमाणे हात जोडलेला इमोजी येईल.

फोन आला.

“अगं, हे बाजूचं तिरकं अक्षर वेगळ्या माणसाचं आहे.”

मी म्हटलं, हो, अभ्यासकही तेच म्हणतात.

“असणारच. वजन लिहिणारा एक, आणि खात्री करणारा दुसरा. आमच्याकडेही दोन टॅली व्हायच्या. एक बोटीच्या बाजूची, एक गोदीच्या बाजूची. पाळी संपली की दोन्ही जुळवायच्या. जुळल्या तरच सही.” मग थोडं थांबून, “रिकाम्याचं वजन आधी लिहिलंय ते बरोबर आहे. नाहीतर नंतर वाद होतात.”

अठरा वर्षांच्या कामाबद्दल इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. त्यानंतर अर्धा तास ते बोलत होते. स्लिंगमध्ये गोण्या कशा रचायच्या म्हणजे लांबून बघूनही मोजता येतात. पावसाळ्यात शीट भिजू नये म्हणून पाठीला प्लास्टिक कसं लावायचे. साखरेची गोणी फुटली तर काय लिहायचं. पेन का नाही, पेन्सिल का. आई मागून म्हणाली, “कोणाशी भांडताय?”

* * *

पुण्याला परतल्यावर मी टीममध्ये एक प्रस्ताव मांडला. पोचलेल्या कंटेनरच्या नोंदी पुसण्याआधी त्यांचा गोषवारा ठेवू: दिवस, बंदर, किती पोचले. वर्षाला काही एमबी डेटा, फार नाही. मॅनेजरने प्रामाणिकपणे विचारलं की याचा उपयोग कोणाला. माझ्याकडे मीटिंगमध्ये सांगता येईल असं उत्तर नव्हतं. मी विश्लेषणाला उपयोगी पडेल असं काहीतरी म्हणाले. तिकीट बनलं, प्राधान्य ‘लो’ लागलं. अजून बॅकलॉगमध्ये आहे. अडीच वाजताचा जॉब रोज वेळेवर चालतो.

दिवाळीत कल्याणला गेले तेव्हा बाबांना म्हटलं, मला एक टॅली शीट काढून दाखवा, आठवेल तशी. त्यांनी माझ्या भाच्याच्या ड्रॉइंगच्या वहीतला कागद घेतला, पट्टीने रकाने आखले. वर जहाजाचं नाव, हॅच नंबर, शेड नंबर, मालाचा प्रकार, मार्का. खाली डावीकडे स्लिंगचा क्रमांक, उजवीकडे रेघा. चार उभ्या, पाचवी त्यांना छेदणारी. हात जरा थरथरतो आता, पण रेघा सारख्या उंचीच्या आल्या. वीस स्लिंगची बेरीज त्यांनी बोटांवर न मोजता लिहिली. शेवटी दोन सह्यांच्या जागा सोडल्या.

वरती तारखेचा रकाना राहिला होता.

“कुठलीही घाला,” मी म्हटलं. “तुमच्या वेळची एखादी.”

“कुठलीही कशी घालणार?” ते म्हणाले. पेन्सिल काही वेळ रकान्यावर धरून बसले, मग खाली ठेवली आणि कागद तसाच माझ्याकडे दिला.